आधीची भाडेकरू

नव्या घरात राहायला आलेली बाई आणि त्या घरात तिला वाटणारी भीती हा विषय चित्रपटाला, नाटकाला आणि कादंबरीला नवा नाही. दार आपोआप लोटले जाते, कालपर्यंत जागेवर असलेली वस्तू आज दुसरीकडे सापडते, वरच्या मजल्यावर कुणी राहत नसताना पावले वाजतात. बाई सांगते, आणि तिचे कुणी खरे मानत नाही. नवरा म्हणतो, तुला विश्रांतीची गरज आहे. डॉक्टर गोळ्या देतो. शेजारी हसून दार लावून घेतात. या सगळ्यातून प्रेक्षकापुढे एकच प्रश्न ठेवलेला असतो : तिला जे दिसते ते खरे आहे, की तो तिच्या मनाचा खेळ आहे? या प्रश्नाचे उत्तर जितके लांबवता येईल तितका मानसशास्त्रीय रहस्यपट यशस्वी, असे समीक्षकही मानत आले आहेत.

प्रस्तुत लेखात हा प्रश्न बाजूला ठेवायचा आहे. या प्रकारातल्या नावाजलेल्या कलाकृती एकापाठोपाठ एक पाहिल्या, तर त्यांत दुसराच एक प्रश्न दडलेला आढळतो, आणि तो अधिक महत्त्वाचा आहे असे मला वाटते. त्या घरात हिच्याआधी कोण राहत होती? तिचे काय झाले? आणि ते ज्यांना ठाऊक होते, त्यांनी नव्या बाईला का सांगितले नाही?

हा प्रश्न मला सुचतो तो सांडोरमुळे. वसई पश्चिमेचे हे गाव मूळचे वाड्यांचे. केळी, पानवेली, भाजीपाला, आणि त्यांच्या आधाराने उभी राहिलेली जुन्या कुटुंबांची बैठी घरे. अशा गावात घराला माणसाचे नाव असते. अमक्याच्या आजीचे घर, तमक्या मास्तरांचे घर. त्या घरात कोण नांदले, कोण नांदले नाही, कुणाची सून माहेरी परत गेली, हे गावाला पाठ असते. त्या माहितीचा जाच असतो, तसा आधारही असतो. २००९ साली वसई-विरार महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १२ लाख २२ हजारांच्या वर भरली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारख्यांनी हरित वसईसाठी जो लढा दिला तो जमिनीसाठी, पाण्यासाठी आणि झाडांसाठी होता. परंतु वाडीच्या जागी इमारत आली की हिरवळीबरोबर आणखी एक गोष्ट जाते. घराची आठवण जाते. घराला नावाऐवजी क्रमांक मिळतो, आणि अकरा महिन्यांचा करार संपला की क्रमांक तोच राहून माणसे बदलतात.

या करारांची एक गंमत आहे. भाडेकरूची माहिती घरमालकाने पोलीस ठाण्यात द्यावी लागते. छायाचित्र, ओळखपत्र, मूळ गावचा पत्ता, सगळे. सोसायटी त्याखेरीज तिची आपली माहिती विचारते. परंतु घराची माहिती भाडेकरूला देणारा कागद कुणी मागत नाही आणि कुणी देतही नाही. आधी इथे कोण होते, ते का गेले, त्यांच्याकडे रात्री-अपरात्री कोण येत असे, किल्लीच्या किती प्रती बाहेर आहेत, हे दलालाला ठाऊक असते, वॉचमनला ठाऊक असते, समोरच्या दारातल्या काकूंना ठाऊक असते. ठाऊक नसते ते फक्त तिला, जी उद्यापासून त्या घरात एकटी झोपणार आहे. रहस्यपटाचे सगळे भांडवल या एका कोऱ्या जागेत आहे.

या प्रकाराच्या उगमाशी गेले तरी हेच दिसते. पॅट्रिक हॅमिल्टनचे 'गॅस लाइट' हे नाटक १९३८ चे. त्यावरचा जॉर्ज क्यूकरचा चित्रपट १९४४ चा, आणि त्यातल्या पॉलाच्या भूमिकेसाठी इन्ग्रिड बर्गमनला ऑस्कर मिळाले. पॉलाचा नवरा तिला लंडनच्या ज्या घरात राहायला आणतो, त्याच घरात काही वर्षांपूर्वी तिच्या गायिका मावशीचा खून झालेला आहे. रोज संध्याकाळी गॅसचे दिवे मंद होतात, माळ्यावर पावले वाजतात, आणि नवरा तिला पटवत राहतो की हे सगळे तुझ्या डोक्यात आहे. वस्तुतः तोच खुनी आहे आणि मावशीच्या दागिन्यांसाठी माळा धुंडाळतो आहे. माणसाला त्याच्याच जाणिवेविषयी शंका घ्यायला लावण्याच्या या प्रकाराला इंग्रजीत 'गॅसलायटिंग' म्हणू लागले, आणि २०२२ साली मेरियम-वेब्स्टर या शब्दकोशाने तो वर्षाचा शब्द म्हणून निवडला. शब्द जगभर गेला, त्यामागची मावशी मात्र विसरली गेली. पॉला वेडी आहे का, या प्रश्नाचे खरे उत्तर त्या मावशीच्या मृत्यूत होते. तिचा खून कुणी केला हे आधीच शोधले गेले असते, तर पॉलाला वेडे ठरवणारा माणूस तिच्या आयुष्यात आलाच नसता.

हिंदी चित्रपटात ही आधीची बाई फार काळ हवेलीत राहिली. १९६४ च्या 'कोहरा'मध्ये वहिदा रेहमान नवी नवरी होऊन येते आणि पहिल्या पत्नीच्या सावलीखाली वावरते. हवेली गेली, बाई फ्लॅटमध्ये आली, पण सावली राहिली. राम गोपाल वर्मा यांचा 'भूत' २००३ साली आला तेव्हा त्याची चर्चा झाली ती गाणी नसण्याची आणि ऊर्मिला मातोंडकरच्या अभिनयाची. दोन्ही गोष्टी चर्चेला पात्र होत्या. परंतु त्या चित्रपटातली सगळ्यात भयंकर घटना अगदी सुरुवातीला, भरदिवसा, व्यवहाराच्या बोलण्यात घडून जाते. विशाल आणि स्वाती हे जोडपे उंच इमारतीत घर घेते. या घरात आधी राहणारी मनजीत नावाची बाई वरून पडून मेली, हे विशालला आधीच कळलेले असते. तो ते बायकोपासून लपवतो. तो दुष्ट नाही. त्याचे बायकोवर प्रेम आहे, घर चांगले आहे, आणि तिला कळले तर ती नको म्हणेल, एवढाच त्याचा हिशेब आहे. पुढे स्वातीच्या अंगात जे येते, तिच्या तोंडून जे बोलते, ते मनजीतचे न सांगितलेले सत्य आहे. तिने आत्महत्या केली नव्हती, तिला मारले होते, आणि त्या गुन्ह्यात इमारतीचा वॉचमनसुद्धा सामील होता.

वर्मांनी प्रश्न नेमका पकडला, पण उत्तराला मांत्रिकबाई बोलावली. भूत न्याय मिळवते आणि चित्रपट संपतो. विशालच्या लपवण्याचा हिशेब चित्रपट शेवटी मागत नाही. पोलीस निरीक्षक लियाकत कुरेशी, म्हणजे नाना पाटेकर, सगळीकडे संशयाने पाहतात, पण तो संशय फ्लॅटच्या व्यवहारापर्यंत पोहोचत नाही. प्रेक्षक भुताला घाबरून घरी जातो, आणि दलालाला मात्र पुढचे गिऱ्हाईक मिळते.

पवन कृपलानी यांच्या २०१६ च्या 'फोबिया'त भुताची मदत अशी सहजासहजी घेतलेली नाही. राधिका आपटे हिने साकारलेली महक ही चित्रकार. रात्री टॅक्सीतून घरी परतताना तिच्यावर अतिप्रसंग होतो, आणि त्यानंतर तिला घराबाहेर पाऊल टाकणेच अशक्य होते. उंबऱ्यापाशी तिचे अंग गोठते. शान हा मित्र तिला मुंबईतल्या एका रिकाम्या फ्लॅटमध्ये आणून ठेवतो. त्या घरात आधी राहणाऱ्या जिया नावाच्या मुलीच्या वस्तू अजून तशाच आहेत. जिया कुठे गेली हे कुणालाच नीट माहीत नाही. महकला घरात काहीबाही दिसू लागते, शेजारच्या मनूवर तिचा संशय जातो, आणि निक्की नावाची शेजारची मुलगी तेवढी तिच्या बाजूने उभी राहते. मला हा चित्रपट महत्त्वाचा वाटतो तो त्याच्या पहिल्या अर्ध्या भागासाठी. बाहेरचा रस्ता बाईला असुरक्षित झाला म्हणून ती घरात कोंडून घेते, आणि मग घरही तिचे राहत नाही. राधिका आपटेने हा कोंडमारा शरीराने दाखवला आहे. दाराच्या कडीला हात लावताना तिचे श्वास बदलतात, ते पाहणाऱ्याच्या छातीत जाणवते.

परंतु शेवटाकडे दिग्दर्शकाला चमत्कृतीचा मोह आवरलेला नाही. महकला दिसत होते ते घडून गेलेले नव्हते, पुढे घडणारे होते, असा उलगडा होतो. जियाही जिवंत निघते. प्रेक्षक चकित होतो, आणि त्या चकित होण्यात एक प्रश्न वाहून जातो. मुंबईसारख्या शहरात एक तरुण मुलगी आपले सामान टाकून इमारतीतून नाहीशी होते आणि तिच्या जागेवर दुसरी आणून ठेवली जाते, यात कुणालाच काही वावगे कसे वाटले नाही? जिया सुखरूप आहे म्हणून त्या इमारतीची बेफिकिरी सुखरूप सुटते.

या दोन्ही चित्रपटांच्या पुढे जाणारी कलाकृती 'फोबिया'च्याच वर्षी इराणमध्ये तयार झाली. असगर फरहादी यांचा 'द सेल्समन'. त्याला २०१६ च्या कान महोत्सवात पटकथेचे आणि शहाब हुसैनीला अभिनयाचे पारितोषिक मिळाले, आणि २०१७ मध्ये परभाषिक चित्रपटाचे ऑस्कर. मुसलमान देशांतील नागरिकांवर अमेरिकेने घातलेल्या प्रवेशबंदीच्या निषेधार्थ फरहादी त्या सोहळ्याला गेले नाहीत, हे अनेकांच्या स्मरणात असेल.

चित्रपटाची सुरुवात वसई-विरारच्या वाचकाला परकी वाटणार नाही. तेहरानमधल्या एका इमारतीशेजारी खोदकाम चालू आहे, इमारतीला तडे जातात, आणि रात्रीच्या वेळी रहिवाशांना जीव घेऊन जिन्यावरून पळावे लागते. ऑगस्ट २०२५ मध्ये विरारला रमाबाई अपार्टमेंटचा भाग कोसळून १७ जणांचा जीव गेला, त्यानंतर तो जिना मला पडद्यावरचा जिना म्हणून पाहता येत नाही. इमाद आणि राना हे नवरा-बायको बेघर होतात. दोघेही हौशी रंगभूमीवर आर्थर मिलरचे 'डेथ ऑफ अ सेल्समन' करीत आहेत. त्यांचा सहकारी बाबक त्यांना एक रिकामा फ्लॅट मिळवून देतो. त्या फ्लॅटमधल्या एका बंद खोलीत आधीच्या भाडेकरू बाईचे सामान आहे. ती नेईल म्हणते, पण नेत नाही. एका संध्याकाळी खालून बेल वाजते. नवराच आला असे समजून राना दार उघडे ठेवते आणि न्हाणीघरात जाते. आलेला नवरा नसतो. तो आधीच्या बाईकडे येणारा माणूस असतो.

आधीची बाई कशी होती हे शेजाऱ्यांना माहीत होते. बाबकला माहीत होते. इमादला हे कळते ते रानाच्या डोक्याला टाके पडल्यानंतर. फरहादींनी हा भाग जसा हाताळला आहे त्याला तोड नाही. शेजारी वाईट नाहीत. त्यांनीच रानाला इस्पितळात पोहोचवले आहे. पण त्यांच्या बोलण्यात पुन्हा पुन्हा येते ती आधीची बाई, तिच्याकडे येणारे पुरुष, तिची चाल. हल्ला करणाऱ्यापेक्षा त्या बाईचाच राग त्यांना अधिक आहे. आणि पोलिसांत जाण्याचा विषय निघतो तेव्हा राना नको म्हणते. तिला ते सगळे पुन्हा सांगायचे नाही. दार तू का उघडलेस, हा प्रश्न तिला कुणी अजून विचारलेला नाही, पण तो येणार हे तिला ठाऊक आहे. आपल्याकडच्या कोणत्याही बाईला ठाऊक असते.

इथून चित्रपट इमादचा होतो, आणि हेच त्याचे दुखणे आहे. बायकोला काय हवे आहे हे न विचारता तो तिच्या इज्जतीचा सूड घ्यायला निघतो. एका प्रसंगात राना घरात सापडलेल्या पैशांतून सामान आणून स्वयंपाक करते. पैसे इमादनेच ठेवले असतील अशी तिची समजूत. खूप दिवसांनी घरात हसू आहे, एक लहान मूल पाहुणे आले आहे, ताटे वाढली आहेत. आणि इमादला उमगते की हे पैसे त्या माणसाने टाकून गेलेले आहेत. तो ताटे उचलतो, अन्न फेकून देतो. त्याच्या दृष्टीने ते अन्न हराम झाले. रानाच्या दृष्टीने मात्र त्या रात्रीनंतरची पहिली सुखाची संध्याकाळ नवऱ्याने फेकून दिली. एकाच ताटाकडे पाहणाऱ्या या दोन नजरा फरहादी शब्दाविना दाखवतात.

शेवटी तो माणूस सापडतो. म्हातारा, आजारी, कुटुंबवत्सल. इमाद त्याला तडे गेलेल्या जुन्या घरात कोंडतो आणि त्याच्या बायकोमुलीसमोर त्याला उघडे पाडायचे ठरवतो. राना बजावते की असे केलेस तर आपल्यात काही उरणार नाही. ती म्हाताऱ्याला क्षमा करते आहे की नाही, हे चित्रपट सांगत नाही. ती एवढेच म्हणते आहे की माझ्यावर जे झाले त्याचा निर्णय माझा आहे. इमाद कुटुंबासमोर बोलत नाही, पण आतल्या खोलीत नेऊन त्याला थप्पड मारतो, आणि म्हातारा जिन्यात कोसळतो. राना निघून जाते. तिला नव्या घरात एका परक्याने असुरक्षित केले, आणि जुन्या घरात नवऱ्याने.

'द सेल्समन'लाही एक प्रश्न विचारला पाहिजे. ज्या आधीच्या बाईबद्दल सगळे बोलतात, ती पडद्यावर एकदाही येत नाही. तिची बाजू कुणी मांडत नाही. तो म्हातारा तिच्याकडे कोणत्या हक्काने येत होता, तिलाही त्याची भीती वाटत होती काय, ती घर सोडून गेली ती कुणामुळे, हे आपल्याला कळत नाही. फरहादींनी हे जाणीवपूर्वक केले असावे, कारण अनुपस्थित बाईची बदनामी किती सोपी असते हेच त्यांना दाखवायचे आहे. तरीही मला वाटते की रानाने ती बंद खोली उघडून त्या बाईशी एकदा बोलायला हवे होते. दोघींना एकमेकींकडून जे कळले असते ते इमादच्या सगळ्या शोधापेक्षा मोलाचे ठरले असते.

आता पडद्यावरून खाली उतरावे लागेल. नोव्हेंबर २०२२ मध्ये वसईच्या एका तरुणीच्या हत्येचे प्रकरण उघडकीस आले आणि देशभर गाजले. तिचे नाव इथे घेत नाही. वर्तमानपत्रांनी ते पुरेसे वापरून घेतले आहे. ती आणि तिचा जोडीदार दिल्लीत भाड्याच्या नव्या घरात राहायला गेले होते, आणि थोड्याच दिवसांत तिथे त्याने तिला ठार मारले, असा आरोप ठेवून त्याच्यावर खटला उभा राहिला. जोडीदार मुसलमान होता. त्यानंतर काय झाले हे या पानांच्या वाचकांना सांगायला नको. एका माणसावरचा आरोप सगळ्या समाजावर ठेवला गेला. मोर्चे निघाले. डिसेंबर २०२२ मध्ये राज्य सरकारने आंतरधर्मीय विवाहांच्या बाबतीत समन्वय समिती नेमली.

या गदारोळात एक कागद मागे पडला. त्याच तरुणीने दोन वर्षांपूर्वी, नोव्हेंबर २०२० मध्ये, इथल्याच पोलिसांना लेखी कळवले होते की तो तिला मारहाण करतो आणि जिवे मारण्याची धमकी देतो. पुढे तिने वाद मिटल्याचेही लिहून दिले, आणि प्रकरण बंद झाले. मार खाणारी बाई तक्रार मागे घेते तेव्हा ती का घेते, हे विचारण्याची पद्धत आपल्याकडे नाही. म्हणजे दिल्लीतल्या त्या घराची आधीची हकीकत वसईत लिहिलेली होती. 'गॅस लाइट'मधली मावशी, 'भूत'मधली मनजीत ही दुसरी बाई असते. इथे आधीची भाडेकरू आणि नवी भाडेकरू एकच होती. तिने स्वतःच स्वतःबद्दल सावध केले होते.

बाहेरच्यांनी या प्रकरणात धर्म पाहिला आणि कागद पाहिला नाही. आपण काय पाहिले? आपल्यातले बहुतेक जण बचावाला उभे राहिले. असे प्रकार सगळ्या समाजांत होतात, आकडेवारी पाहा, असे आपण म्हणालो, आणि ते खरेच होते. परंतु ते म्हणून झाल्यावर आपल्याही तोंडून ती मुलगी निसटली. आरोप धर्मावर झाला म्हणून उत्तरही धर्माचे दिले गेले. मारहाणीबद्दल आपल्याला स्वतंत्रपणे काही म्हणायचे होते काय? म्हणायचे असेल तर ते आपल्या मोहल्ल्यात म्हणायला कुणी अडवले होते?

मोहल्ल्यातली भिंत फ्लॅटच्या भिंतीपेक्षा पातळ असते. सगळे सगळ्यांना ऐकू जाते. जसमीत रीन यांच्या २०२२ च्या 'डार्लिंग्ज'मध्ये भायखळ्याच्या चाळीत राहणाऱ्या बदरुन्निसाला नवरा रोज मारतो आणि ते शेजारापाजाराला माहीत आहे. मियाँ-बीवीचा मामला म्हणून लोक आपापल्या कामाला लागतात. ती स्वप्न पाहते ते पुनर्विकासात मिळणाऱ्या नव्या घराचे. घर बदलले की नवरा बदलेल, ही भाबडी आशा आपण कितीतरी लेकींच्या डोळ्यांत पाहिली आहे. हा चित्रपट विनोदाच्या अंगाने जातो आणि मध्येच त्याचा तोल सुटतो. सूडाच्या भागात मारहाणीचे गांभीर्य पातळ झाले आहे. तरीही त्यातल्या अम्मीचे पात्र, शेफाली शाह यांनी केलेले, या लेखाच्या दृष्टीने फार मोलाचे आहे. अम्मीनेही एके काळी हेच सोसले होते, आणि तिने आपल्या नवऱ्याचे काय केले हे गुपित चित्रपट शेवटी उघड करतो. म्हणजे या घरातली आधीची बाई मेलेली नाही, बेपत्ता नाही, बदनाम होऊन निघून गेलेली नाही. ती लेकीच्या शेजारी बसली आहे. तिने आपली हकीकत लेकीला लग्नाआधी सांगितली असती तर काय झाले असते, हा प्रश्न चित्रपट विचारत नाही. प्रेक्षकाने विचारावा. आपल्या अम्मी, खाला, फुफू यांनी 'सब्र कर बेटी' या तीन शब्दांखाली काय काय पुरून ठेवले आहे, याची यादी कधी झालेली नाही.

कायदा या बाबतीत समाजाच्या पुढे आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. तो सर्व धर्मांच्या स्त्रियांना लागू आहे, आणि घर नवऱ्याच्या नावावर असले तरी सामायिक घरात राहण्याचा तिचा हक्क तो मान्य करतो. बाईने घर सोडण्याऐवजी मारणाऱ्यालाच घराबाहेर ठेवण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. हे आपल्या किती निकाहांच्या वेळी मुलीला सांगितले जाते?

रहस्यपट पाहताना प्रेक्षकांतून नेहमी एक सवाल येतो : एवढी भीती वाटते तर ती घर सोडून का जात नाही? सवाल वाजवी वाटतो. पण ती जाणार कुठे? मुसलमान बाईने एकटीसाठी घर शोधून पाहावे म्हणजे उत्तर मिळेल. नाव सांगितल्यावर फोनवरचा आवाज बदलतो, आणि एकटी आहे म्हटल्यावर फोन बंद होतो. अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व एका समाजापुरते ठेवण्याचा संस्थेचा नियम वैध ठरवला. २०१५ मध्ये मुंबईत वडाळ्याला एका तरुण मुसलमान मुलीकडे घर देण्यापूर्वी असा कागद मागितल्याची बातमी आली होती की तिच्या धर्मामुळे शेजाऱ्यांनी त्रास दिला तर त्याची जबाबदारी मालक किंवा दलाल घेणार नाही. कोणत्याही पटकथाकाराला सुचणार नाही असा हा प्रसंग आहे. घर असुरक्षित आहे हे इथे तिच्यापासून लपवलेले नाही. ते तिच्याकडूनच लिहून घेतले जात होते. अशा शहरात मोहल्ल्याबाहेर दार नाही आणि मोहल्ल्याच्या आत आवाज नाही, अशी आपल्या बाईची कोंडी होते. 'फोबिया'तली महक उंबऱ्यावर गोठते तो आजार म्हणून दाखवला आहे. आपल्याकडे धडधाकट बाईसुद्धा त्या उंबऱ्यावर गोठून उभी असते.

म्हणून या चित्रपटप्रकाराकडे केवळ करमणूक म्हणून पाहू नये, आणि तो पाश्चात्त्य आहे म्हणून हिणवूही नये. त्याचे सामर्थ्य भुतांत नाही आणि शेवटच्या कलाटणीतही नाही. बाई सांगते आहे आणि कुणी ऐकत नाही, ही स्थिती दोन तास प्रेक्षकाला भोगायला लावणे हे त्याचे सामर्थ्य आहे. वर चर्चिलेल्या कलाकृतींत 'द सेल्समन' मला सर्वांत श्रेष्ठ वाटतो, कारण त्यात बाईच्या शहाणपणावर शंका घेतलेली नाही. शंका घेतली आहे ती तिच्या भोवतालच्या सज्जनांवर. 'भूत' आणि 'फोबिया' यांना तेवढे धैर्य झाले नाही, पण त्यांनीही नकळत तीच जागा दाखवून दिली.

मराठीत लिहिणाऱ्या मुस्लिम लेखिकांकडून माझी अपेक्षा या ठिकाणी आहे. तलाक, बुरखा, गरिबी, दंगल यांवर आपण लिहिले, आणि लिहिणे भाग होते. परंतु वसई, मुंब्रा, मालेगाव, मिरज, जिथे जिथे आपली वस्ती चाळीतून फ्लॅटमध्ये सरकते आहे, तिथे बंद दाराआड नवे भय जन्माला येते आहे. त्याला अजून भाषा मिळालेली नाही. ती भाषा हवेलीच्या भुताची नसेल. किल्लीच्या हरवलेल्या प्रतीची, दलालाच्या अर्धवट वाक्याची, सोसायटीच्या नोटिशीची आणि भिंतीपलीकडून ऐकू येऊनही न ऐकलेल्या आवाजाची ती भाषा असेल. आणि ही कथा नव्या भाडेकरूच्या तोंडून सांगण्यापेक्षा आधीच्या भाडेकरूच्या तोंडून सांगितली जावी. ती कुठे गेली, हे तिनेच सांगितलेले बरे.